दुसरी कोण होती?

सरवदे सिस्टरांचा माणसाच्या ‘हाव’वर, म्हणजे ‘हो’वर, विश्वास नव्हता. पेशंटच्या ‘हाव’वर तर मुळीच नाही.

“पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं काही विचारलं की आपली माणसं हाव म्हणतात,” त्या सांगायच्या. “तू जाऊन विचार, मावशी, तुम्ही कलेक्टर का? हाव म्हणतील. उगं सिस्टरला वाईट वाटू नये म्हणून.”

म्हणून नांदेडच्या त्या रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात, ‘तुम्ही शांताबाई का?’ असं विचारायला बंदी होती. सुई हातात असो की गोळी, प्रश्न एकच. “पूर्ण नाव सांगा.” नाव पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे. खाटेच्या नंबरावर जायचं नाही, कारण उन्हाळा लागला की बायका आपापसात ठरवून पंख्याखालच्या खाटांवर सरकायच्या आणि आम्हा नर्सना सांगायच्या नाहीत.

पंचफुला सरवदे मूळच्या औशाच्या. वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. उंचीनं कमी, चालणं भरभर, चष्मा दोरीनं गळ्यात, बांगडीत सेफ्टी पिनांचा झुबका. औषधाच्या कपाटाची किल्ली काळ्या गोफात ओवून कमरेला. बोलताना त्यांचा एक हात त्या किल्लीवर असायचा, बसमधली बाई पर्सवर हात ठेवते तसा.

मी त्या वॉर्डात रुजू झाले तेव्हा पहिलं बोलणं कपाटासमोर झालं. त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये काही अँप्युल ठेवल्या. सगळ्या काचेच्या, सगळ्यांत पाण्यासारखं औषध, सगळ्यांवर बारीक अक्षरं.

“यातलं डिस्टिल वॉटर दे.”

मी दिलं. बरोबर दिलं होतं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण हात आधी गेला, डोळे मागून गेले. उलटं कर.” आणि अँप्युल परत ट्रेमध्ये ठेवायला लावली.

काढताना वाचायचं, भरताना वाचायचं, रिकामी टाकताना वाचायचं, आणि तिन्ही वेळा मोठ्यानं. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात सगळ्यांनाच शिकवतात. फरक एवढाच की आम्ही ते परीक्षेपुरतं शिकलो होतो. सिस्टर रिकामी बाटली बादलीत टाकतानाही एखाद्यावर पाळत ठेवल्यासारख्या तिच्याकडे बघत.

धोक्याच्या औषधांना आणखी एक नियम होता. एका नर्सनं काढायचं, दुसरीनं आपल्या डोळ्यांनी लेबल बघायचं, मगच द्यायचं. इन्सुलिन असो, रक्त पातळ करणारं असो. कोणी सांगायला आली की “सिस्टर, दिलं,” की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला.

“दुसरी कोण होती?”

दुसरी नसेल तर त्यांच्या लेखी ते औषध दिलेलंच नव्हतं, किंवा त्याहून वाईट, काय दिलं ते देवाला माहीत.

मी स्वभावानं याद्या करणारी. मला वाटलं, आपलं जमेल. ड्यूटी सुरू होताना मी त्यांना माझी यादी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली.

“यादी चांगली आहे. पण टीक करायला औषध द्यावं लागत नाही, नुसता पेन लागतो. तेवढं ध्यानात ठेव.”

डॉक्टरही यातून सुटत नसत. फोनवरून सांगितलेलं औषध त्या सहसा घेतच नसत. नाइलाज झाला तर फोन स्पीकरवर टाकायच्या, दुसरीला जवळ बोलवायच्या आणि ऐकलेलं सगळं डॉक्टरला परत म्हणून दाखवायच्या. आमचे एक तरुण डॉक्टर लग्नाच्या रजेवर गेले आणि जाता जाता केसपेपरवर एक आकडा घाईत लिहून गेले. पाच की पंधरा, दोघी-तिघींनी बघितलं, पटेना. दुसऱ्या डॉक्टरांनी अंदाजानं पाच सांगितलं. सिस्टरांनी अंदाज ऐकून घेतला आणि नवरदेवाला फोन लावला. मागं वाजंत्री ऐकू येत होती.

“सिस्टर, हळद लागून राहिली मला.”

“लागू द्या. पाच का पंधरा?”

“पाच. पाचच.”

“कशाचे पाच?”

त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, “बरं. सुखी राहा,” आणि फोन ठेवला. दुसरे डॉक्टर हसत म्हणाले, “मी तेच सांगत होतो.” सिस्टर म्हणाल्या, “हाव, तुमचं बरोबर होतं,” आणि त्याबद्दल त्यांना जराही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात त्या दोन लक्ष्मीबाई. दोघीही लक्ष्मीबाई जाधव, दोघीही म्हाताऱ्या, दोघीही साखरेच्या, शेजारशेजारच्या खाटांवर. एकीला इन्सुलिन होतं, दुसरीला बंद केलेलं. नावात फरक फक्त मधल्या नावाचा, म्हणजे नवऱ्याचा. आणि दोघींपैकी एकही बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायला तयार नाही.

“पूर्ण नाव सांगा, आजी.”

“लक्ष्मीबाई जाधव.”

“मधलं?”

आजीनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या खाटेवरून दुसरी लक्ष्मीबाई म्हणाली, “अवो, सांगून टाका की. म्या सांगू का?”

“तुम्ही नका सांगू,” सिस्टर म्हणाल्या. “ज्याची सुई त्याचं तोंड.”

“न्हाई बाई घेत आम्ही नाव.”

“मग उखाण्यात घ्या. मी थांबते.”

आणि खरंच थांबल्या. हातात भरलेली सिरिंज, शेजारी मी, मागं औषधाची ट्रॉली खोळंबलेली. सगळा वॉर्ड उठून बसला. आजीनं बराच वेळ विचार केला, मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली,

“कापसाच्या बोंडाला सरकीचा भार,
मारोतरावांचं नाव घेते, सुई हळू मार.”

बायका हसल्या. सिस्टरांनी केसपेपर बघितला, मला दाखवला, सिरिंजचं टोपण परत लावलं आणि शेजारच्या खाटेकडे वळल्या. इन्सुलिन मारोतरावांच्या लक्ष्मीबाईला नव्हतं. दोघींनी सकाळीच खाटा बदलल्या होत्या.

नातेवाइकांवर त्यांचा वेगळाच डोळा. पेशंट आला की घरच्या गोळ्यांची पिशवी खाटेवर उलटी करायच्या. त्यातून नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या, शेजारणीनं दिलेल्या गुडघ्याच्या, कोणा वैद्याची पुडी, असं सगळं निघायचं. “ही पिवळी सकाळची, ती गुलाबी झोपताना,” असं कोणी सांगू लागलं की त्या म्हणायच्या, “रंग नका सांगू. रंग साडीचा बघतात.”

अशा बाईबद्दल लोक चांगलं बोलणं शक्यच नव्हतं. डबा खायच्या खोलीत त्यांच्यावरच संशय असायचा. “म्हातारी कपाटात ठेवते तरी काय?” “दुसऱ्याला का लावू देत नाही?” ड्यूटी संपल्यावरही त्या कपाटाशी उभ्या असत. लावलेलं काढायच्या, परत लावायच्या. कुणी मदतीला गेलं तर “जा, बस गाठ,” म्हणायच्या. औषधं बाहेर जातात, अशी कुजबुज होती. मी त्यात बोलले नाही, पण माझेही डोळे त्या किल्लीवर असायचे. त्या आमच्यावर संशय घेत होत्या आणि आम्ही त्यांच्यावर, असा तो वॉर्ड चालला होता.

आणि मग ती दुपार आली.

आमच्या कपाटात पोटॅशियमची इंजेक्शनं असत. सलाईनमध्ये मिसळून हळूहळू दिलं तर ते औषध. तसंच थेट शिरेत सोडलं तर माणसाचं हृदय थांबतं, परत आणायला वेळ मिळत नाही. दिसायला ते डिस्टिल वॉटरसारखंच, आणि डिस्टिल वॉटर आम्ही दिवसभर पावडरची इंजेक्शनं विरघळवायला वापरायचो. म्हणून सिस्टरांनी पोटॅशियम सगळ्यात वरच्या कप्प्यात, लाल पट्टी मारलेल्या वेगळ्या डब्यात ठेवलेलं. पाण्याचा ट्रे खाली, हाताशी.

रुबिना नावाची आमची नर्स त्या दुपारी पाण्याच्या ट्रेमधून अँप्युल उचलून मोठ्यानं वाचायला लागली आणि मधेच थांबली. हातात पोटॅशियम होतं. ट्रेमध्ये तशा आणखी होत्या. वाचलं नसतं तर पुढच्या खाटेवरची नुकतीच बाळंत झालेली पोरगी गेली असती.

सिस्टर ओरडल्या नाहीत. सगळ्या ट्रे टेबलावर ओतल्या, एकेक अँप्युल वाचली, लावली, कुलूप घातलं. मग रुबिनाला विचारलं, “कपाटापाशी कोण होतं?”

“कुणी नव्हतं, सिस्टर. नामदेव मामा तेवढा.”

नामदेव मामा आमच्या वॉर्डाचा शिपाई. किनवटकडचा, कंत्राटी. स्टोअरमधून खोकी आणायची, रिकामी न्यायची, हे त्याचं काम. कपाटात हात घालायची त्याला परवानगी नव्हती.

“काय करत होता?”

रुबिना अडखळली. “मी अँप्युल घेतली तर म्हणाला, वाचून घ्या बरं ताई.”

सिस्टरांचा हात किल्लीवर गेला. “त्याला कसं माहीत, की वाचायला पाहिजे?”

हा प्रश्न वॉर्डात फिरला आणि ज्याच्या त्याच्या मनात जाऊन बसला. मग सगळ्यांना आठवायला लागलं. मामा हल्ली कपाटाशी घुटमळतो. काम नसताना येतो. सिस्टर औषधं लावतात तेव्हा दारात उभा असतो. मलाही आठवलं. मामाला बोलावलं तर तो खाली बघून म्हणाला, “मी न्हाई हात लावलो, सिस्टर,” आणि त्यापुढं काही बोलला नाही. न बोलणारा माणूस आणखीच गुन्हेगार दिसतो.

सिस्टरांनी मेट्रनकडे अर्ज दिला, की हा माणूस या वॉर्डात नको. कंत्राटी माणसाला एका वॉर्डानं नको म्हटलं की दुसरा वॉर्ड घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मेट्रननं आठवड्याच्या शेवटापर्यंत मुदत मागून घेतली.

त्याच आठवड्यात पोटॅशियम परत पाण्याच्या ट्रेमध्ये सापडलं. या वेळी मला.

सिस्टरांनी मला साबणाच्या स्टॉकच्या निमित्तानं मागं नेलं. चेहरा उतरला होता. “मीना, तू याद्या करणारी. डोळे उघडे ठेव. कपाटाशी कोण येतं, काय करतं, बघ. कुणाला सांगू नको. मलासुद्धा मध्ये सांगू नको. खात्री झाली की सांग.” मग थांबून म्हणाल्या, “एखादी गेली ना यात, तर मी परत या दारातून आत यायची नाही.”

मी पहिल्यांदा त्यांना घाबरलेलं बघितलं.

मी बघत राहिले. मामावर जास्त लक्ष ठेवलं, खोटं कशाला सांगू. स्टोअरमधून नवा माल आला त्या दिवशी दुपारचं औषध वाटून झालं होतं. मामानं खोकी कपाटासमोर ठेवली आणि दारापर्यंत मागं सरला. गेला मात्र नाही. मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर कापूस भरत होते, तिथून कपाट सरळ दिसत होतं.

सिस्टरांनी खोकं उघडलं. अँप्युल हातात घेतली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “पोटॅशियम.” आणि हात खाली नेऊन ती पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवली. दुसरी घेतली. “पोटॅशियम.” पाण्याच्या ट्रेमध्ये. तिसरी. तोंड बरोबर वाचत होतं. हात त्याचं ऐकत नव्हता. सगळी झाली, त्यांनी कपाट लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि समाधानानं चष्मा खाली सोडला.

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. त्या दुसऱ्या टोकाच्या खाटेकडे गेल्या तसा मामा दारातून पुढं आला. हळूच म्हणाला, “ताई, किल्ली मागून ते वरच्या डब्यात ठिवा. मला हात लावता येत न्हाई.”

म्हणजे मामाला माहीत होतं. म्हणून तो घुटमळत होता. ज्याच्यावर आम्ही पाळत ठेवली तोच पाळत ठेवून होता.

मी वाट बघत बसले नाही. वाट बघितली असती तर मी गप्प राहिले असते. सिस्टरांना कपाटाशी बोलावलं, उघडायला लावलं आणि ट्रे दाखवली.

“परत?” त्या म्हणाल्या. “आत्ता तर मी लावलं. कोण आलं होतं?”

“कुणी नाही. तुम्हीच ठेवलं, सिस्टर. मी बघितलं.”

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं तसं त्या लेबलांकडे बघायच्या. बराच वेळ. मला कळलं, आता त्यांचा संशय माझ्यावर आलाय. इन्चार्जची खुर्ची कुणाला पाहिजे, आपल्याला बाजूला कोण सारतंय, हे सगळं त्यांच्या डोळ्यांतून गेलं असणार. मग त्यांनी विचारलं,

“दुसरी कोण होती?”

“दुसरी नव्हती. मामा होता.”

“बोलव.”

मामा आला. सिस्टर त्याच्याशी त्या दिवसांत बोलत नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं, “मामा, खरं सांगा. कोण ठेवलं हे?”

मामा जमिनीकडे बघत राहिला.

“सांगा. तुमच्या कामाचा प्रश्न आहे.”

“तुमी ठिवल्या, सिस्टर. आज ठिवल्या. आधी बी दोनदा पाह्यलो मी.”

“वाचता येतं तुम्हाला?”

“इंग्रजी न्हाई येत. पण तुमी मोठ्यानं वाचता न्हवं. आन् ते वरच्या लाल डब्याचं हाय, हे समद्यांना ठावं हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“पहिल्यांदा वाटलं, ध्यान नसंल. मग तुमी माझ्यावर आळ घेतला. आता मी सांगितलो असतो तर तुमाला वाटलं असतं, मामा उट्टं काढून राहिला.”

सिस्टरांचा हात किल्लीवर होता. मग त्यांनी कमरेचा गोफ सोडायला घेतला. गाठ घट्ट होती, सुटेना. मी पुढं झाले तर म्हणाल्या, “थांब.” बांगडीतल्या सेफ्टी पिनेनं गाठ उकलली.

किल्ली लगेच माझ्या हातात दिली नाही. आधी सगळं कपाट रिकामं करायला लावलं. एकेक औषध मी वाचायचं, रुबिनानं बघायचं, मग जागेवर. स्वतः बाजूला स्टुलावर बसल्या, हात मांडीवर, एकाही बाटलीला स्पर्श न करता. पोटॅशियम लाल डब्यात गेलं तेव्हा विचारलं, “दोघींनी बघितलं?” आम्ही हो म्हणालो. मग किल्ली दिली.

उठून वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवला. “नामदेव मामाचं नाव मी घेतलं होतं. चुकीचं घेतलं.” आणि तशाच मेट्रनकडे गेल्या. अर्ज परत घेतला. त्याच बैठकीत सांगितलं, की मला औषधाच्या कामावरून काढा, माझी तपासणी करा. मेट्रन म्हणाल्या, “अहो, थकलात तुम्ही. रजा घ्या. झालं तर काही नाहीच ना?” हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि आपलं उत्तरही. “मी म्हणाले, झालं नाही म्हणून तुम्ही मला सोडणार असाल, तर तुमच्यावर पण लक्ष ठेवावं लागेल.”

तपासणीत काय निघालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रिटायरमेंट जवळ आली होती, त्याआधीच त्या घरी गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली. सिस्टरांनी शाल घेतली आणि मामाला हाक मारून शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तो बसायला तयार नव्हता. “बसा,” त्या म्हणाल्या, “माझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे.” लोक हसले. मामा हसला नाही.

पुढं मी लातूरला आले. आता एका वॉर्डाची इन्चार्ज मी आहे. माझ्या हाताखालच्या पोरींना वाटतं, मॅडमचा कुणावर विश्वास नाही. डबा खायच्या खोलीत काय बोलतात, मला अंदाज आहे. पोटॅशियमला लाल डबा आहे. फरक एक केलाय. कपाट एकटीनं लावायचं नाही. इन्चार्जनंसुद्धा नाही.

औशाला मी दोन-तीनदा जाऊन आले. लातूरहून बस मिळायला अडचण नाही. सिस्टर भाचीकडे राहतात. सुरुवातीला गेले तेव्हा बऱ्या होत्या. गोळ्या भाची द्यायची, पण पाकीट आधी हातात घेऊन बघायच्या, मग भाचीला मोठ्यानं वाचायला लावायच्या, मग तिच्या लेकीला. “एवढ्याशा गोळीला दोन साक्षीदार,” भाची म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, “मला धरलं तर तीन. पण मला धरू नका.”

शेवटची गेले ती परवाच्या संक्रांतीनंतर. भाचीला फोन करून गेले होते, तिळाचे लाडू नेले होते. दार वाजवलं. आतून साखळी न काढता दार बोटभर उघडलं. फटीत चष्मा दिसला, दोरी दिसली.

“कोण?”

“मी मीना, सिस्टर.”

“पूर्ण नाव सांगा.”

मला हसू आलं. “मीना विठ्ठल कदम. नांदेडची.”

दार उघडलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, शांतपणे, लेबलाकडे बघत तशा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या ‘सांगा’ म्हणाल्या होत्या. मला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ही त्यांची जुनी सवय होती की त्यांना मी खरंच ओळखू येत नव्हते, ते मला त्या फटीतून ठरवता येईना. मी लाडवांची पिशवी वर धरली. त्यांनी पिशवीकडे बघितलंही नाही.

“दुसरी कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मी एकटीच आले होते. एवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, भाचीचा आवाज आला. “आत्या, मीना मावशी आहेत त्या. मी ओळखते.”

सिस्टरांनी मान मागं वळवून भाचीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. आणि साखळी काढली.